त्याच्या मळ्यातला विळा

वारूळवाडीला मी रोज टांग्याच्या घोड्यासाठी लसूणघास घ्यायला जायचो. मळ्याचा मालक घासावरून तळहात फिरवायचा आणि ओल लागली की म्हणायचा, "दव सुकू द्या, पावणं. घोड्याचं पोट फुगंल." माझी गिऱ्हाइकं खोळंबायची, पण हा माणूस हटायचा नाही. काळी जमीन पाणी धरते, मुळं कुजतात, म्हणून त्यानं सगळा घास वरंब्यांवर वाढवला होता.

एकदा तो नसताना मी घाईत माझ्याच विळ्यानं भारा कापला. पुढं नेमकी तिथंच अमरवेल दिसली, घासाला आवळून बसलेले पिवळे धागे. भारा कापायच्या आदल्या दिवशी माझा विळा वेल लागलेल्या दुसऱ्या मळ्यात चालला होता, पात्याला धागा चिकटून आला असणार. मी कबूल केलं. त्यानं भोवतीचा हातभर निरोगी घासही कापला, वर पाचट टाकलं आणि पेटवून दिलं.

"चांगला तरी ठेवायचा होता की," मी म्हणालो.

"न्हाई. येक धागा ऱ्हायला तर समदा मळा जाईल."

दुसऱ्या दिवशी मी टांगा लांबच थांबवला. त्यानंच हाक मारली. बांधावरच्या आंब्याला नवा विळा अडकवलेला होता.

"ह्यो तुमचा," तो म्हणाला. "पर हितनं हलवायचा न्हाई."