पहिल्या वेचणीचा कापूस

वार रविवार, भाऊबीजेनंतरचा पहिला. रक्कम तीन हजार एक रुपये: वार्षिक वर्गणी अडीच हजार, प्रवेश फी पाचशे एक. हजर: मंडळाचे अध्यक्ष, सचिव, सात जुने सभासद आणि नव्याने दाखल होणारे तिघे. त्या तिघांतली एक माझी धाकटी बहीण. मी तिच्या सोबतीला गेलेला, म्हणून हजेरीत नव्हतो. पण पैसे मोजून मीच दिले.

साल सांगायचं तर, सरकारी कापूस खरेदी कोलमडत आली होती, खरेदी केंद्राबाहेर कापसाच्या गाड्या दिवसचे दिवस उभ्या राहत आणि शेवटी व्यापारी गावात येऊन म्हणेल तो भाव घ्यावा लागे, त्या वर्षांतलं एक.

मंडळ होतं दवाखान्यांना लागणारी साधनं बनवणाऱ्या, पुरवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या लोकांचं, सगळ्या यवतमाळ जिल्ह्याचं. एकट्या लहान कारखानदाराला मोठा दवाखाना दारात उभा करत नसे. मंडळ सगळ्यांच्या वतीनं एकत्र मागणी घ्यायचं आणि सभासदांत वाटून द्यायचं. बहिणीची दवाखान्याच्या कापसाचे रोल बनवायची शेड पहिलं वर्ष ओळखीच्या चार डॉक्टरांवर निघाली होती. दुसरं तसं निघणार नव्हतं. मंडळात प्रवेश मिळाला तर शेड चालणार, नाहीतर तिथल्या अकरा बाया घरी बसणार, इतकी ती सरळ गोष्ट होती.

बहीण नागपूरला बरीच वर्षं परिचारिका होती. आई गेल्यावर बाबांजवळ कुणी नाही म्हणून परत आली. मी पांढरकवड्याला एका जिनिंगमध्ये हिशेब लिहितो, माझं बिऱ्हाड तिथंच. बाबा केळापूरकडच्या आमच्या गावी, शेतात. ती माझ्याकडे यायची तेव्हा एकच विषय काढायची. दवाखान्यात जखम पुसायला जो कापसाचा रोल येतो तो पिवळट, त्यात सरकीची टरफलं, ओला केला की गोळा होतो. आणि इकडे आपल्या गावात घराघरात छताला लागेल एवढा कापूस, त्याला कुणी विचारत नाही. "भाऊ, हे काहून असं हाय?" असं ती विचारायची.

मग तिनं स्वतःच्या शिलकीतून पांढरकवड्याच्या टोकाला शेड भाड्यानं घेतली आणि राहायला तिथंच जवळ खोली केली. सोडा घालून कापूस उकळायची टाकी, पिंजायचं एक जुनं यंत्र आणि निळ्या कागदात रोल गुंडाळायचं टेबल, एवढा संसार; सरकी माझ्या जिनिंगमध्ये काढून घ्यायची. कापूस कुठला घ्यायचा हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. दवाखान्यात, माणसाच्या उघड्या जखमेवर लावायचा, तर पहिल्या वेचणीचा. पहिल्या वेचणीला आमच्याकडे शेतात कपाशीच्या पऱ्हाटीजवळ दहीभात ठेवून पूजा करतात, तिला सीतादही म्हणतात. त्या दिवशीचा कापूस सगळ्यांत पांढरा, लांब धाग्याचा. गावातल्या नऊ घरांनी तो तिच्यासाठी वेगळा ठेवायचं कबूल केलं आणि तिनं व्यापाऱ्याच्या भावावर क्विंटलमागे दीडशे रुपये जास्त द्यायचं कबूल केलं. नऊतलं एक घर आमचं, म्हणजे बाबांचं. तोंडी व्यवहार. मीच मध्ये बसलो होतो.

बाबांना त्या शेडचं फार कौतुक होतं. बाजाराच्या दिवशी येत, भाजी न घेताच आधी शेडवर जात आणि रोल हातात घेऊन बसत. आलेल्या गिऱ्हाइकाला सांगत, "हा आमच्या वावरातला. आता याच्यानं लोकाईच्या जखमा भरते." मंडळाच्या सभेच्या दिवशी त्यांनी नव्या कापसाची एक पिशवी बहिणीच्या हातात दिली. मंडळाच्या लोकांना दाखव, म्हणाले.

मंडळाची जुनी पद्धत अशी होती की नव्या सभासदानं आपला माल सर्वांसमोर ठेवायचा आणि जुन्यांनी तो तपासायचा. वणीचा एक जण ऑक्सिजनची सिलिंडरं पुरवायचा; त्याच्या सिलिंडरच्या तोटीला साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहिलं. नेरचा एक जण चाकाच्या खुर्च्या बनवायचा; तिच्यात अध्यक्ष स्वतः बसले. अध्यक्ष चांगले वजनदार. खुर्ची करकरली तसा सचिव म्हणाला, "साहेब, पेशंट मेला तरी चालते, खुर्ची टिकली पाह्यजे." सगळे हसले. नेरवाल्याला मात्र घाम फुटला होता. खुर्ची टिकली.

बहिणीची पाळी आली तेव्हा काचेच्या भांड्यात पाणी आणलं. कच्चा कापूस पाण्यावर तरंगतो, कारण त्याच्या अंगात मेण असतं. ते नीट काढलं की कापूस पाणी पितो आणि खाली जातो. दहा आकडे मोजायच्या आत तळाला गेला तर माल पास. तिनं निळा कागद उलगडला, बोटभर कापूस पाण्यावर सोडला आणि सचिव मोजू लागला. चौथ्या आकड्याला कापूस तळाशी होता. अध्यक्ष म्हणाले, "ताई, आजपर्यंत इतक्या लवकर कोणी बुडालं नाही. अभिनंदन." मी पैसे मोजून दिले, पावती घेतली. तिच्या हातात नारळ दिला. ती माझ्याकडे वळून पाहत होती. तिचा इतका फुललेला चेहरा मी पुढं पुन्हा पाहिला नाही.

चहा झाल्यावर सचिवांनी मंडळाचे भाव वाचून दाखवले. कापसाचा अर्धा किलोचा रोल, अडतीस रुपये. सगळ्या सभासदांना एकच भाव, कमी नाही, जास्त नाही. पट्ट्या आणि गॉज बनवणारे एक वयस्कर सभासद तिचा रोल चाचपत बसले होते. त्यांनी विचारलं, कापूस कुठून आणता? तिनं सांगितलं, आमच्या गावचा, पहिल्या वेचणीचा. ते हसले नाहीत, दुसरे दोघे हसले.

"ताई, याचं तर लुगडं विणाव," ते म्हणाले. "जखमेवर कायले लावता? कापसानं पाणी प्याव, एवढंच काम हाय. पाण्याले काय मालूम, धागा लांब हाय का आखूड?"

मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. सूतगिरणीत बारीक सूत कातायच्या आधी कापूस विंचरतात. विंचरताना जे आखूड तंतू खाली पडतात, त्याच्या गाठी बांधून स्वस्तात विकतात. दवाखान्याचा कापूस सगळे जण त्याचाच करतात. चांगला उकळला, चांगला धुतला की तोही बुडतो. त्यांनी गाठी मिळण्याचं ठिकाणही लिहून दिलं. माणूस चांगला होता.

मी जिनिंगमध्ये उभा जन्म काढला आणि मला हे ठाऊक नव्हतं. आमच्या माणसाला कापूस गाठ बांधेपर्यंत ठाऊक. त्याच्यापुढं त्याचं काय होतं ते पाहायला आमच्यातलं कुणी गेलं नव्हतं. आणि कुणी येऊन सांगितलं असतं की जखमेवर पडझडीचा कापूस लावतात, तर आम्ही त्यालाच शहाणपण शिकवलं असतं.

यवतमाळहून परतताना एसटीत ती बाबांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिनं ती सभेत काढलीच नव्हती. पाटणबोरीची गाडी, गर्दी फार. मध्येच म्हणाली, घरी गेल्यावर हिशेब करून दे.

मी दुसऱ्या दिवशी केला. आमच्या कापसाचा रोल चव्वेचाळिसाला पडत होता. विंचरणीच्या पडझडीचा तेहतिसाला. म्हणजे एकीकडे रोलमागे सहा रुपये घाटा, दुसरीकडे पाच रुपये नफा. तिनं पुन्हा करायला सांगितलं. गावच्या कापसावरचे दीडशे काढून करून पाहिलं, बायांची मजुरी कमी धरून पाहिलं. मजुरी कमी धरलेली तिला पटली नाही, म्हणून तो कागद तिनंच फाडला. कसाही केला तरी गावचा कापूस अडतिसात बसत नव्हता.

"चुकलं तर नाही ना भाऊ?"

नाही, म्हणालो. हिशेब बरोबर होता. आजही काढून पाहिला तर बरोबरच येईल.

तिसऱ्या दिवशी तिनं गाठी मागवल्या. अकरा बायांपैकी सात जणींच्या घरी दुसरी मिळकत नव्हती. तिनं त्यांच्याकडे पाहून ठरवलं. तिच्या जागी मीही तेच ठरवलं असतं. पण बाबांना सांगायचं कोणी, हे आम्ही दोघं एकमेकांवर ढकलत राहिलो आणि शेवटी दोघंही गेलो.

बाबांनी पहिल्या वेचणीचा कापूस मधल्या खोलीत ठेवला होता, अकरा क्विंटल. खोलीला कडी घातलेली, कुणी पोरगं आत उड्या मारू नये म्हणून. आम्ही ओसरीवर बसलो. मी मंडळाचं, भावाचं, रोलचं सांगितलं. ते ऐकत होते, पण त्यांचं लक्ष तिच्याकडे होतं. मग म्हणाले, दाखव तो तुमचा कापूस.

तिनं रुमालातून मूठभर पडझड काढून दिली. बाबांनी बाजारात करतात तसं केलं: दोन्ही हातांच्या चिमटीत थोडा धरून ताणला. लगेच तुटला. पुन्हा ताणला, पुन्हा तुटला.

"हे कापूस नाही, माय," ते म्हणाले. "हे झाडन हाय."

"हो बाबा. पण बुडते."

"अन आपला?"

"आपलाबी बुडते."

"मंग?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, बाबा, आपला महाग पडतो. जन्मभर त्यांचा कापूस कुणी ना कुणी स्वस्तातच नेला होता. महाग पडतो हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा ऐकलं असावं. ते उठले, मधल्या खोलीची कडी काढली, आणि म्हणाले, मग व्यापाऱ्याला निरोप दे, हे आता अडवून ठेवून काय करू.

नऊही घरांचा कापूस व्यापाऱ्याकडे गेला. त्यानंतर बाबा बाजाराला येत, पण शेडकडे वळत नसत. बहीण बाजाराच्या दिवशी दारात उभी राहायची. एकदा मी त्यांना भाजीच्या ओळीत गाठलं आणि चला म्हणालो. ते म्हणाले, "तथी माया काय काम हाय आता?" रागानं नाही म्हणाले. खरंच विचारावं तसं विचारलं.

मंडळाचं पहिलं बिल होळीच्या आधी मिळालं. त्यातून बहिणीनं कबूल केलेले क्विंटलमागचे दीडशे द्यायचे ठरवले. माल घेतलाच नाही, तर देणं लागत नाही, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, माझ्या शब्दावर त्यांनी कापूस महिनाभर घरात ठेवला. रविवारी आम्ही गावात गेलो. आठ घरांचा मिळून एकेचाळीस क्विंटल. घरोघर तिनंच पैसे दिले. बहुतेकांनी मुकाट्यानं घेतले. एक शेजारीण मात्र नोटा पदराला बांधता बांधता म्हणाली, "आमचा कापूस लय साजरा होता, त्याचा दंड भरून राह्यली का व?" बहीण हसली. मग म्हणाली, हो काकू, तसंच.

बाबांचे तिनं धरले नव्हते. आमच्याकडे बाप लेकीच्या हातून पैसा घेत नाही. जुनी माणसं लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत. आदल्या वर्षी कापसाचे पैसे द्यायला गेली तेव्हा बाबांनी तिचा हात मागं सारला होता आणि पुन्हा असं करशील तर कापूस देणार नाही असा दम भरला होता.

या वेळी आम्ही चहा पिऊन निघालो. बाबा ओसरीवर बसले होते. ती चपला घालत होती.

"माया अकरा क्विंटलचे?" ते म्हणाले.

तिला आधी समजलं नाही. समजलं तेव्हा तिनं पर्स उघडली. मंडळाच्या पैशांतून आणलेले संपले होते. घरखर्चाचे होते त्यातून काढले, थोडे कमी पडले ते मी दिले. बाबांनी हात पुढं केला. बोटाला थुंकी लावून सगळ्या नोटा मोजल्या, पुन्हा एकदा मोजल्या, आणि बंडीच्या खिशात ठेवल्या.

दिले: आठ घरांना सहा हजार एकशे पन्नास. बाबांना एक हजार सहाशे पन्नास, रोख.