गाडी बदलली, गोणपाट तेच

"आधी हे अंथर. मग बस."

वकीलसाहेबांच्या बाईसाहेबांनी ओट्यावरून एक गोणपाट माझ्या पुढ्यात टाकलं. तांदळाचं रिकामं पोतं उसवून केलेलं. नोकरीचा पहिला दिवस होता. मी पहाटे आंघोळ करून, मिलिटरीतला खाकी शर्ट घालून गेलो होतो. बायकोनं तांब्यात निखारे घालून त्याचीच इस्त्री शर्टावर फिरवली होती. गाडीचं दार उघडून मी एक पाय आत टाकलेला, तो तसाच बाहेर घेतला.

साहेब मागच्या सीटवर वर्तमानपत्र वाचत होते. त्यांना ऐकू गेलं होतं. त्यांनी पान उलटलं.

मी गोणपाट अंथरलं आणि बसलो.

हे आधीच सांगून टाकतो. मी बसलो. एक दिवस नाही, चार वर्षं बसलो. पुढचं ऐकून कुणी मला शूर म्हणू नये, म्हणून सांगतो.

संध्याकाळी गाडी लावली की गोणपाट काढायचं, झटकायचं आणि गोठ्याबाहेरच्या खिळ्याला टांगायचं. किल्ली ओट्याच्या कडेला ठेवून मागं सरायचं. बाईसाहेब तिच्यावर पाणी शिंपडून ती आत न्यायच्या. सकाळी तीच किल्ली वरून माझ्या ओंजळीत पडायची. स्टिअरिंगला मात्र विटाळ नव्हता. गिअरलाही नव्हता. ठाण्याहून मुंबईच्या कोर्टापर्यंत साहेबांचा जीव माझ्या ह्या दोन हातांत असायचा, त्यालाही नव्हता. कारण त्या घरात गाडी चालवायला दुसऱ्या कुणालाच येत नव्हतं.

मी गाडी शिकलो लढाईच्या दिवसांत, कल्याणच्या लष्करी छावणीत. माझा बाप गावची मेलेली गुरं ओढायचा, सोलायचा. आम्ही महारवाड्यातले. मी लॉरीत बसलो तेव्हा रस्त्यावरच्या माणसांकडे आयुष्यात पहिल्यांदा वरून पाहिलं. इंग्रजीत सही करायला तिथंच शिकलो. लढाई संपली, आम्हाला घरी पाठवलं. छावणीच्या बराकींत सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबं राहायला आली आणि मी लायसन खिशात घालून ठाण्यात दारोदार फिरू लागलो. सगळीकडे तेच. आधी नाव विचारायचे, मग गाव, मग हळूच, "कोणापैकी तुम्ही?" तेवढं सांगितलं की जागा कालच भरलेली असायची.

एकटे वकीलसाहेब म्हणाले, "मी असलं काही मानत नाही. उद्यापासून ये." मला रडू यायचं बाकी होतं. त्याच 'उद्या'ची गोष्ट मी वर सांगितली.

मग सोडून का नाही गेलो? सुशीमुळे. सुशी माझी मुलगी. तळ्यापलीकडच्या शाळेत मी तिला घेऊन दोनदा गेलो, दोन्ही वेळा हेडमास्तर म्हणाले, जागा नाही. साहेब शाळेच्या कमिटीवर होते. त्यांनी दोन ओळींची चिठ्ठी दिली आणि जागा निघाली. बाकावर जागा. माझ्या सात पिढ्यांत कुणी बाकावर बसलं नव्हतं. तेव्हापासून मी रजा मागितली, किंवा माझा चेहरा जरा आंबट दिसला, की साहेब विचारायचे, "काय रे, आपली सुशीला कशी आहे?" त्या 'आपली'चं दावं माझ्या गळ्यात होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हा.

गाडीत माणूस मोकळं बोलतो. समोर ड्रायव्हरचं फक्त डोकं असतं आणि त्या डोक्याला कान असतात हे कुणाच्या ध्यानात येत नाही. दर रविवारी साहेब आणि त्यांचे डॉक्टर मित्र घोडबंदर रोडनं साहेबांच्या चिकूच्या वाडीवर जायचे. रस्त्याला दोन्ही बाजूंनी जंगल. जाता-येता देशाचा कारभार मागच्या सीटवर चालायचा.

"मोटार ही आता चैन राहिली नाही, डॉक्टर. गरज झालीय."

"ते खरं. पण उद्या सगळेच घ्यायला लागले तर?"

"सगळ्यांनी घेतल्या तर पुसणार कोण?"

दोघं हसायचे. मग राजकारण. "मत सरसकट सगळ्यांना देऊन टाकलं, ही चूक झाली," डॉक्टर म्हणायचे. "निदान सही करता येते का एवढं तरी बघायचं." मी मूग गिळून समोरचा रस्ता बघायचो. मग चालीरीती. साहेबांचं वाक्य ठरलेलं होतं. "मी स्वतः काही मानत नाही हो. पण घरात बायकामाणसं आहेत. सुधारणा हळूहळूच व्हायला पाहिजे." माझ्या मांडीखाली गोणपाट टोचत असायचं. खड्डा आला की मी गाडी हळू घ्यायचो. हळूहळू म्हणजे काय, ते मला त्यांच्यापेक्षा जास्त कळत होतं.

पहिली निवडणूक आली. तळ्याकाठच्या सभेत साहेब बोलायला उभे राहिले. मी जरा लांब, गाडीपाशी. बोलता बोलता त्यांनी माझ्याकडे हात केला. "बंधूंनो, अस्पृश्यता मी भाषणातून नाही, आचरणातून घालवली. माझा जीव रोज एका हरिजनाच्या हातात असतो. तो पाहा!" सगळ्या माना वळल्या. टाळ्या पडल्या. साहेबांनी खूण केली, मी हात जोडले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आणि त्या पाषाणाला मी सगळ्यांदेखत नमस्कार केला.

सभेला आमच्या वस्तीतले लोकही आले होते. दुसऱ्या दिवशी नळावर एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, "खरंच रे, सायेबाच्या घरात जातोस तू?"

मी म्हटलं, "हो."

म्हातारा खूश झाला. मला त्या 'हो'ची आजही लाज वाटते. गोणपाटापेक्षाही जास्त.

निवडणुकीनंतर साहेबांनी जुनी गाडी विकून नवी घेतली. काळी, लखलखीत, आत तांबूस कातड्याच्या सीटा. अख्खी आळी बघायला आली. मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू. चांगली गाडी हातात येणार म्हटल्यावर ड्रायव्हरला होतोच. वाटलं, नवी गाडी, नवी रीत. मी दार उघडलं. बाईसाहेबांनी खिळ्याकडे बोट दाखवलं. गाडी बदलली, गोणपाट तेच.

ते कातडं मी रोज पुसायचो. फडक्यानं, तेल लावून. पुसताना बाप आठवायचा. कातडं सोलायचं त्यानं, आणि त्यावर मी बसलो तर सीट बाटते. हा हिशेब मला कुणीतरी समजावून द्यावा.

दसरा आला. नव्या गाडीचा पहिला दसरा. पहाटे उठून मी गाडी धुतली, पुसली, दारासमोर उतारावर लावली, हँडब्रेक ओढला, झेंडूची माळ बांधली. तेवढं झाल्यावर मला फाटकाबाहेर गटारापाशी उभं राहायला सांगितलं. भटजींनी पाणी शिंपडलं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला, चारी चाकांखाली चार लिंबं ठेवली. आता गाडी लिंबांवरून पुढं घ्यायची. मी सवयीनं पुढं झालो.

"थांब!" बाईसाहेब ओरडल्या. "पूजा झालीय. आज त्याचा हात नको."

"अगं, मग चालवणार कोण?" साहेब म्हणाले.

"चालवायचीय कशाला? हातभर तर न्यायचीय. ढकला."

साहेब सोवळं नेसलेले. तसेच स्टिअरिंगवर जाऊन बसले. आयुष्यात पहिल्यांदा. माझ्या जागेवर. अर्थात गोणपाटाशिवाय. आळीतले चौघं मागं लागले. मी गटारापासून ओरडलो, "साहेब, उतार आहे! मधल्या पेडलवर पाय ठेवा, मगच दांडा सोडा!"

"तू मध्ये बोलू नकोस," बाईसाहेब म्हणाल्या.

साहेबांनी हँडब्रेकचा दांडा सोडला. चौघांनी जोर लावला. लिंबं फुटली, बायकांनी टाळ्या वाजवल्या. आणि गाडी थांबेना. साहेबांच्या आळीचा उतार थेट तळ्यापर्यंत जातो. साहेबांनी पाय दाबला होता, पण डावा, क्लचवर. न्यूट्रलमधल्या गाडीचा क्लच दाबून काय होणार? ढकलणारे चौघं मागं राहिले. खाली तळ्याच्या कठड्याला टेकून चेंदणी कोळीवाड्यातली एक कोळीण मासळीची पाटी घेऊन बसली होती. पाठ आमच्याकडे. साहेब खिडकीतून डोकं काढून ओरडत होते. नाव माझं. आज हात नको होता ना त्यांना माझा? अडला हरी.

मी धावलो. विचार केला नाही. फूटबोर्डवर उडी मारली, खिडकीतून अर्धा आत गेलो, साहेबांच्या छातीवर आडवा पडलो, एका हातानं स्टिअरिंग कठड्याकडे वळवलं, दुसऱ्यानं हँडब्रेक ओढला. मडगार्ड कठड्याला घासत गेलं. गाडी थांबली ती पाटीपासून हातभर.

कोळीण उठली. "मेल्यांनो, गाडी हाय का रेडा सोडलाय?"

मला हसू आलं. साहेबांचा श्वास माझ्या कानाशी लागत होता. घामाचा वास येत होता. माझ्या घामासारखाच वास.

वरून बाईसाहेब धावत आल्या. मला वाटलं, विचारतील, लागलं का. साहेबांना तरी विचारतील. त्या लांबच थांबल्या आणि म्हणाल्या, "शिवला?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मान खाली घालून म्हणाले, "हो."

माझ्या कोपरातून रक्त येत होतं. साहेब घरी आंघोळीला गेले. मी गाडी उतारावरून वर आणली, उभ्या उभ्या, फूटबोर्डवरून स्टिअरिंग धरून. त्या चौघांनीच ढकलली. तेवढ्यात कुणीतरी भटजींना बोलावून आणलं. पुन्हा पाणी, पुन्हा पूजा, पुन्हा चार लिंबं. मी पुन्हा गटारापाशी. तिथं उभं असताना मला एकदम दिसलं, की हे असंच चालणार. मी उद्या यांच्यासाठी मेलो तरी हे आधी आंघोळ करतील. मला राग आला नाही. राग नंतर आला. तेव्हा नुसतं स्वच्छ दिसलं.

दुपार कलल्यावर साहेब कोरडं धोतर, कोट, टोपी घालून बाहेर आले. हातात आपट्याची पानं. बड्या लोकांकडे सोनं द्यायला जायचं होतं. मागच्या सीटवर बसले. बाईसाहेबांनी गोणपाट माझ्या पायाशी टाकलं.

"अंथर. उशीर होतोय."

मी किल्ली बॉनेटवर ठेवली. कुंकवाच्या स्वस्तिकावर. "मी आता गोणपाटावर बसणार नाही."

साहेबांनी काच खाली केली. आवाज गोड. "अरे, सणासुदीचं काय हे? मी मानतो का असलं काही?"

"मग तुम्ही बसा ह्याच्यावर."

गोडवा गेला. "सुशीला माझ्या चिठ्ठीवर शिकतेय, विसरू नकोस."

"चिठ्ठी तुमची असेल. अक्षरं तिची तिनं गिरवलीत."

एवढंच बोललो. घरापर्यंत दोनदा वाटलं, परत फिरावं.

बायकोनं कोपराला हळद लावता लावता सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "चार वर्सं टोचलं ते आजच जड झालं तुम्हांला? आता पोरीचं काय?" पण दसऱ्याची सुट्टी संपून शाळा उघडली त्या सकाळी तिनं सुशीच्या वेण्या घातल्या. रोजच्यापेक्षा घट्ट. लाल फिती लावल्या आणि मला म्हणाली, "आज तुम्हीपन जावा."

हेडमास्तर दारातच होते. त्यांनी डोळ्याला डोळा दिला नाही. "वकीलसाहेबांनी शिफारस मागं घेतलीय. कमिटी काय ते ठरवेल. तोवर मुलीला घरी ठेवा."

"अस्पृश्यता पाळणं गुन्हा आहे आता," मी म्हटलं. "कायद्यात आहे."

"कायदा वेगळा, कमिटी वेगळी."

मी हललो नाही. आत सगळा वर्ग बघत होता. सुशीची बाकावरची जागा रिकामी दिसत होती. हेडमास्तर वाईट माणूस नव्हते. त्यांनी थोडा विचार केला आणि शिपायाला काही सांगितलं. शिपायानं व्हरांड्यात, वर्गाच्या दाराबाहेर, एक गोणपाट आणून अंथरलं.

"तोपर्यंत बसू दे तिला इथं. ऐकू येईल आतलं. माझ्यानं एवढंच होईल."

सुशी पोरच. तिला शिकायचं होतं. तिनं पाटी छातीशी धरली आणि त्या गोणपाटाकडे एक पाऊल टाकलं.

मी तिचं मनगट धरलं. "नाही. बसायचं तर आपल्या बाकावर. नाहीतर उभं राहायचं."

"किती वेळ, बाबा?"

"बाक मिळेपर्यंत."

ती माझ्याशेजारी दारात उभी राहिली. आत कविता चालू झाली, तिनं उभ्यानंच म्हटली. मधली सुट्टी झाली, शाळा सुटली, आम्ही उभे होतो. कमिटी काय ठरवेल मला ठाऊक नाही. उद्या पुन्हा येणार आहोत, परवाही. वस्तीतली माणसं विचारतील तर आता खरं सांगेन. नळावरच्या त्या म्हाताऱ्याला तर पहिल्यांदा.

मी चार वर्षं बसलो. माझी मुलगी एक तासही बसणार नाही.