मोर्शीच्या माणसाचा जबाब

ती घटना आजही आठवते, पण ती मी आजवर कुणाला पुरती सांगितलेली नाही.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. पुण्याकडच्या आम्हा काही फौजदारांच्या बदल्या वऱ्हाडात झाल्या. अमरावती जिल्ह्यातल्या एका ठाण्यात मी नवा होतो, आणि नव्या अधिकाऱ्याला आपण हुशार आहोत हे दाखवायची फार घाई असते.

एका उन्हाळ्यात, सकाळची हजेरी चालू असताना, चांदूर बाजारचा एक माणूस ठाण्यात आला. त्याची बहीण मोर्शीजवळच्या एका संत्राबागाईतदाराला दिलेली होती. नवरा, बायको आणि दोन मुली कोकणात समुद्र पाहायला गेले आणि बायको तिथं बुडाली. तिकडच्या ठाण्यात आकस्मिक मृत्यूची नोंद झाली, अंत्यविधीही तिकडंच उरकला. भावाचा संशय वेगळा होता.

"दोन पोरीच झाल्या म्हनून घरचे तिच्या मांगं लागले होते, साहेब. दुसरी बायको कराची बात चालू होती. आन् येकदम समुद्र कावून दाखवाले नेला? आमच्या गावातलं कोन गेलं हाय समुद्रावर मजा कराले?"

प्रश्न मला बिनतोड वाटला. त्या काळात त्या भागातलं कुणी हौसेनं समुद्रावर जात नसे. मी नवऱ्याला बोलावून घेतलं.

पस्तिशीचा, रापलेला माणूस. बायकोलाच समुद्र पाहायचा होता, असं तो म्हणाला. दुसऱ्या लग्नाचं विचारलं तर म्हणाला, "मायनं काढली होती गोष्ट. म्या नाही म्हटलं." घडलं ते असं. सकाळी पाणी पुष्कळ मागं गेलं होतं. सगळे चालत एका खडकावर गेले. मुली शिंपले वेचत बसल्या. मग पाणी वाढू लागलं.

"भरती येते हे ठाऊक नव्हतं?"

"नदीचा पूर उतरला का उतरला, साहेब. हे पानी त्याच दिवशी वापस येते, हे आमाले कोन सांगन?"

धाकटीला खांद्यावर आणि थोरलीला हाताला धरून त्यानं वाळूवर आणलं, आणि बायकोसाठी तो परत पाण्यात शिरला. पुढचं मी खोदून विचारलं.

"ते खडकाच्या तिकडून बुडून रायली होती," तो म्हणाला, "आन् मी इकडून पाहून रायलो होतो."

माझी लेखणी थांबली. बायको बुडतेय आणि हा पाहतोय! जबाब नेहमी आपल्या शुद्ध भाषेत उतरवायचा, ही आमची पद्धत. मी लिहिलं, 'ती बुडत असताना मी पाहत राहिलो.' मग नियमाप्रमाणे वाचून दाखवलं.

"हो साहेब," तो म्हणाला. "पाहूनच रायलो."

भाऊ व्हरांड्यात बसला होता. तपासातलं बाहेर बोलू नये हे मला ठाऊक होतं. तरी मी बोललो. "तुमच्या मेहुण्यानं कबूल केलंय. ती बुडताना तो उभा राहून पाहत होता." भाऊ उठला. त्याच दिवशी मोर्शीला जाऊन तो दोन्ही भाच्यांना आपल्या घरी घेऊन आला.

नवऱ्याला मी कोठडीत ठेवलं आणि मयताच्या आईचा जबाब घ्यायला चांदूर बाजारला गेलो. म्हातारी ट्रंक उघडून बसली होती, लुगड्यांची घडी न् घडी विस्कटत.

"आजी, काय चाललंय?"

"लेकीचा फोटो पाहून रायली, बापा."

"कुठाय फोटो? दाखवा."

"आता गवसलाच नाही तं दाखवू काय? गवसला असता तं पाहत कायले बसली असती!" हुंदका आवरून ती म्हणाली, "पुन्याचे हा का तुमी?"

मी ओट्यावर खाली बसलो. म्हणजे इकडं 'पाहणं' म्हणजे शोधणंही होतं. जबाब घ्यायचं सुचेना. थोरली मुलगी दाराशी उभी होती. दहाएक वर्षांची असावी. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "बाबा पान्यात उभे होते. म्या पाह्यलं. मामा बी तेच सांगते."

मी टोपी उचलली आणि निघालो.

ठाण्यात परत येऊन नवऱ्याला पुन्हा समोर बसवलं. या वेळी विचारलं, "पाहत होतास म्हणजे काय करत होतास?" त्याला प्रश्नच कळेना. "तिले पाहून रायलो होतो, साहेब. दिसतच नव्हती." मग कोकणातल्या ठाण्याकडून कोळ्यांचे जबाब आले. हा माणूस छातीभर पाण्यात हाका मारत खडकाभोवती फिरत होता, बाहेर यायला तयार नव्हता, शेवटी त्यांनीच त्याला ओढून काढला.

त्याला सोडून दिलं. अहवालात मी लिहिलं, 'संशयास पुष्टी मिळाली नाही.' चूक माझी होती, हे लिहिलं नाही. नोकरीच्या सुरुवातीलाच शेरा नको होता.

जाताना तो दारात थांबला. "साहेब, थोरली येत नाही म्हनते. तुमी एकडाव चला. तुमचं आयकन ते."

"सवड झाली की येतो," मी म्हणालो. सवड होती. त्या म्हातारीसमोर आणि त्या मुलीसमोर उभं राहायची लाज वाटत होती. पुढं अकोल्याला बदली झाली आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

काही वर्षांनी अमरावतीच्या मोटारस्टँडवर तो भेटला. त्यानंच ओळखलं. धाकटी परत आली होती. थोरलीचं लग्न झालं होतं.

"कन्यादान तुम्हीच केलं ना?"

"मामानं केलं. मले जेवाले बलावलं होतं."

त्यानंतर माझ्या हाताखालच्या प्रत्येकाला मी सांगत आलो की माणूस बोलेल तसाच जबाब लिहा, आणि शब्द कळला नाही तर त्यालाच अर्थ विचारा. हाताखालचे हसायचे. शिकलो ते एवढंच, आणि त्याची किंमत मी भरली नाही.

या लिखाणात कुणाचं नाव घालायचं नाही, असं ठरवूनच बसलो होतो. पण थोरली हे वाचत असेल तर नावावाचून ओळखेल. बाई, तुमचे वडील त्या दिवशी पाण्यात तुमच्या आईला शोधत होते. हे तुम्हाला सांगायला मी तेव्हाच यायला हवं होतं.