बागेतले दोन तास
नुकत्याच खुरपलेल्या गवताचा वास आला की मला नगरचं आमचं कॉलेज आठवतं. 'कमवा आणि शिका' योजनेत मी रोज दोन तास कॉलेजच्या बागेत काम करायचे आणि त्यातून फीची सोय व्हायची, पण घरी हे सांगितलं नव्हतं. दिवाळीनंतर वडील पाथर्डीहून ऊसतोडीला निघाले, तेव्हा वाटेत मला भेटायला आले, तर मी वाफ्यात बसलेली. ते जागीच थबकले. "कोयता सुटावा म्हून तुला शिकाया घातलं, अन् हितं बी खुरपंच?" मी म्हटलं, "अण्णा, फी यातूनच निघती. मला न्हाई कमीपणा वाटत." ते चपला काढून वाफ्याच्या कडेला आले. मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडून वाफ्यात उतरले आणि माझ्या हातातलं खुरपं काढून घेतलं. "परीक्षा हाय ना तुझी? तू वाच. आजचं मी करतो." मी लिंबाखाली पुस्तक उघडून बसले. खुरपता खुरपता ते मधूनच मान वर करून बघायचे, मी वाचतेय ना म्हणून, आणि समाधानानं पुन्हा कामाला लागायचे. आज मी स्वतः कॉलेजात शिकवते. पण त्या दुपारी मी एक ओळही वाचली नाही, नुसती पुस्तकाआडून त्यांच्याकडे बघत बसले होते, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.