बिबियानाचा डफ

मलाक्क्याच्या आमच्या पोर्तुगीज वस्तीत लग्न असो की सेंट पीटरचा सण, ब्रान्योच्या नाचाला डफ बिबियानाचाच. सगळी तिला तिया म्हणायची, म्हणजे मावशी. मी तिची नणंद, त्यामुळे माझी सुटका नव्हती. "तुझ्या भावाला समुद्रात दिशा कळत नाही, ऑक्टाविया, आणि घरात दार," असं येता-जाता ऐकवायची.

तसं खोटं नव्हतं ते. सिल्वेस्तर जवळा धरायला जायचा. पलीकडच्या बेटावर जंगलं पेटली की धुरात आमचा किनारा दिसेनासा व्हायचा. मग ती चिखलात उभी राहून नाचाचाच ठेका धरायची आणि तो आवाजाच्या रोखानं होडी आणायचा. आमचा बाप असाच यायचा, आजाही. म्हणून नवरा पाण्यात असला की तिचा डफ किनारा सोडत नसे.

त्या दिवशी नाचपथकाचा फ्रेडी दांकर आला. समुद्रात भराव घालून उभारलेल्या त्या नव्या हॉटेलात परदेशी पाहुणे आमचा नाच बघायला येणार होते.

"सिल्वेस्तर पाण्यात आहे," ती म्हणाली.

"अगं, दिवस मावळायच्या आत येतो की तो! पाहुण्यांना नाच आवडला तर वस्तीला वारसा म्हणून मान मिळेल. मग उरलेल्या किनाऱ्यावर दगड टाकायची कुणाची छाती होईल का? बघ बाई, तुझ्यावर आहे."

किनाऱ्याचं नाव निघालं आणि ती विरघळली. मेल्यानं बरोबर नस पकडली होती.

जाताना तिनं माझ्या हातात पत्र्याचा डबा दिला. "धूर आला तर बडवत राहा. जोरात हं, जेवायला बोलावल्यासारखी नको."

ती गेली आणि धूर आला. डोळे चुरचुरायला लागले, समोरचा धक्का दिसेना. मी डबा बडवत होते. तेवढ्यात हॉटेलाकडून डफ सुरू झाला, कर्ण्यातून. एवढा मोठा की माझा डबा मलाच ऐकू येईना. ठेका तोच, हातही तोच.

होडीचं इंजिन मी ओळखते, ते मध्येच खोकतं. आवाज आमच्याकडे येत होता. मग थांबला. मग वळला.

"सिल्वेस्तर! इकडे रे, इकडे!" मी कमरेएवढ्या पाण्यात शिरले. अरे देवा, ऐकणार कोण? त्याला लहानपणापासून एकच शिकवलेलं, डफ तिथे घर. आणि तिकडे भरावाचे दगड, सुरीच्या पात्यासारखे.

इंजिन एकदा खोकलं आणि बंद पडलं. डफ चालूच होता. नाच संपला, टाळ्या वाजल्या. पाहुण्यांनी पुन्हा मागणी केली असावी, कारण तिनं तोच ठेका पुन्हा धरला.

नाच आटोपल्यावर ती धावतच आली, लाल घागरा वर खोचून, डफ काखेत. चेहरा फुललेला. "पाहुणे खूश झाले गं! आला का तो?"

मला खोटं बोलता आलं नाही.

"आला, बिबियाना. तुझा डफ ऐकून तिकडेच आला."