दुधाच्या खोलीतली तपासणी

माझं आणि धाकट्या जावेचं बोलणं दुधावरून बंद झालं. गावातल्या दूध संस्थेत संकलनाचं काम माझ्याकडे होतं. माप घ्यायचं, दुधातली फॅट तपासायची, पाणी घातलेलं दूध परत पाठवायचं. एका सकाळी तिची किटली मी परत पाठवली, तीही चारचौघींसमोर, कारण रांग तिथेच होती आणि नियम सगळ्यांना सारखा होता. तेव्हापासून आम्ही एकमेकींना काही सांगायचं असेल तर जनावराला सांगत असू. ती तिच्या बैलाला, मी माझ्या म्हशीला.

दुष्काळाच्या वर्षी संस्थेनं गावाबाहेरच्या माळावर चारा छावणी घेतली, आणि दावणी अशा लागल्या की आम्ही दोघी शेजारी आलो. छावणीचा एक जाच होता. सकाळ-संध्याकाळ जनावरं मोजायला माणूस येई. दावणीजवळ घरचं कुणी उभं नसेल तर त्या दिवशीचा चारा बंद. त्यामुळे कुणीच कुठे हलत नसे. सगळा दिवस एकमेकींची तोंडं बघण्यात जाई आणि मला तिचं तोंड बघायचं नव्हतं.

दूध फारसं येत नव्हतं. जे येई ते घट्ट असे. एक म्हातारी मला म्हणाली, "आता पाणी घालायला पाणीच न्हाई बाई, निवांत ऱ्हा." सगळ्या हसल्या. जाऊ सोडून.

त्याच उन्हाळ्यात आरोग्य केंद्रातली सिस्टर बायकांच्या तपासणीला आली. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होण्याआधीच ओळखायचा, असं ते काम होतं. संस्थेच्या दूध मोजायच्या खोलीला आतून कडी होती आणि उंच टेबल होतं, म्हणून ती खोली ठरली. खिडकीवर मी दोन लुगडी टांगली. संस्थेच्या चेअरमननं बाहेर स्वतःच्या फोटोचा बॅनर लावला, नारळ फोडला आणि दारात येऊन उभा राहिला.

"वहिनी, आतला एक फोटो होऊ द्या. वर पाठवायचा हाय."

"तुम्ही झोपा टेबलावर, मी काढते," मी म्हणाले.

तो गेला. पुढे महिनाभर माझ्या म्हशीला उसाचे नुसते वाळके वाढे आले, ते त्यामुळेच. माझी तक्रार नाही, पण विसरलेही नाही.

आमच्याकडे या विषयाचा अनुभव बायकांना होता, पण तो उलट्या बाजूनं. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईच्या पोटात दुखलं, अंगावरून गेलं, की शहरातला डॉक्टर म्हणे, पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल. मुकादमालाही खाडे नको असत. तिशीच्या आत-बाहेरच्या बायका पिशव्या काढून आल्या आणि पुन्हा कोयता धरला. कॅन्सरची धमकी सगळ्यांना मिळाली होती. तपासलं कुणालाच नव्हतं.

सिस्टर समजावून सांगायला लागली. पातळ केलेलं ॲसिटिक ॲसिड कापसानं आतल्या तोंडाला लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि बॅटरीच्या उजेडात बघायचं. चांगली कातडी गुलाबी राहते, बिघडलेली पांढरी पडते. लॅब नको, रिपोर्टची वाट बघणं नको. जिथे काही सोयी नाहीत तिथल्यासाठीच ही पद्धत आहे, असं ती म्हणाली. म्हणजे आमच्यासाठी.

पण 'ॲसिड' म्हटल्याबरोबर रांग मोडली. दुधातली फॅट तपासायला मी जे ॲसिड वापरते ते सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या मनगटावरचा डाग आणि लुगड्याला पडलेली भोकं रोज त्यांच्या डोळ्यांसमोर होती. जाऊ दारापासच्या बाईला मोठ्यानं म्हणाली, "त्याच खोलीतलं तेजाब हाय ते. आधी माझं दूध तपासलं, आता मला तपासाया निघाली."

माझं डोकं फिरलं. मी सिस्टरच्या हातातली बाटली घेतली, तळहातावर थोडं ओतलं आणि सगळ्यांसमोर चाटलं.

"गेवराईला हायवेवर चायनीजच्या गाडीवर शिंपडतात, तो व्हिनेगर आहे हा. तुमची पोरं बोटं चाटून खातात. आता मी आधी झोपते. जळाले तर माझी म्हैस वाटून घ्या."

मी झोपले. गार लागलं, थोडं चरचरलं, संपलं. बाहेर आले तेव्हा म्हातारीनं विचारलं, "आन् लाज?" मी म्हटलं, "लाज दाराबाहेर ठेवून जायची. परत येताना उचलायची. कोण नेत नाही." मग एकेक जण आत जायला लागली.

जाऊ मात्र हलली नाही. "माझी पिशवीच न्हाई," ती म्हणाली. "नसलेल्याचं काय बघायचं?" सिस्टरनंही मान डोलावली आणि पुढचीला बोलावलं.

इथे मला खटकलं. पिशवी नसलेल्या बाईला पाळी येत नाही. आणि हिच्या कडब्यामागे, जुन्या लुगड्याच्या आड, मी धुतलेली फडकी वाळत पडलेली रोज बघत होते. हंडाभर पाण्यासाठी टँकरवर भांडणं होत होती आणि ही फडकी धूत होती. मी सिस्टरला तसंच सांगितलं.

जाऊ उसळली. "माझ्या फडक्याचंबी माप घ्या आता!" पण सिस्टरनं तिचा दंड धरला. "मधूनमधून रक्त जातं? नवऱ्याजवळ गेल्यावर जातं?" जाऊ आत गेली.

बराच वेळ कडी निघेना. शेवटी सिस्टरनं मला आत घेतलं, बॅटरी धरायला म्हणून. पुन्हा बघून झालं, तशी जाऊ टेबलावर उठून बसली.

"पिशवी काढली म्हणून कोणी सांगितलं?" सिस्टरनं विचारलं.

"डाक्टरनं. समदं साफ केलं म्हणला. आता कसली भीती न्हाई म्हणला."

"वरची पिशवी काढलीय. तोंड तसंच ठेवलंय. आणि तोंडावर पांढरा डाग उमटलाय."

जावेनं तिच्याकडे बघितलं. "तोंड ठिवलं, तर मला सांगितलं कावून न्हाई?"

सिस्टर चिठ्ठी लिहायला लागली. माझ्याकडे त्या डॉक्टरसाठी एक उत्तर होतं, पण ते लिहिण्यासारखं नाही.

पांढरं दिसलं म्हणजे कॅन्सर नाही, पुष्कळदा काही निघतही नाही, हे सिस्टरनं दोनदा सांगितलं. पण बीडच्या दवाखान्यात जाऊन तिथला बारीक तुकडा काढून तपासायलाच हवा, आणि आत्ताच. वाट बघितली तर आज जे थोडक्यात निघेल ते पुढे निघणार नाही.

संध्याकाळी दीर दावणीजवळ बसून होता. "एकदा आपरेशन केलंय. परत कशाला? आन् मी हिच्यासंगं गेलो तर जनावरांपाशी कोण उभं ऱ्हाईल? चारा बंद होईल."

"बैल मी बघते," मी म्हणाले.

जाऊ बैलाच्या पाठीवर हात ठेवून त्याला म्हणाली, "ऐकलं का रे? दूध देत न्हाईस म्हणून बरं हाय. न्हाईतर तुझंबी माप काढंल ती."

मी म्हशीला म्हटलं, "सांग तिला, उद्या सकाळची गाडी चुकवली तर दोन्ही बैल चेअरमनच्या दारात नेऊन सोडते."

ती गेली. बैल माझ्या अंगावर पडले. त्यातल्या एकाला परकी बाई चालत नव्हती. त्यानं दुसऱ्याच दिवशी माझ्या मांडीवर लाथ घातली. मोजणारा माणूस म्हणाला, "ह्ये बैल तुमचे न्हाईत." मी म्हटलं, "माझ्या दिराचे आहेत आणि माझ्या हातात दावं आहे. लिही." त्यानं मुकाट्यानं लिहिलं. लंगडत मी सकाळ-संध्याकाळ दूधही मोजलं.

तुकडा तपासायला एक खेप झाली आणि इलाजाला दुसरी. दोन्ही वेळा बैल माझ्याकडे. बिघडलेला भाग वरच्यावरच होता, खोल गेलेला नव्हता. तेवढा काढून टाकला. दर वर्षी दाखवायला यायचं, असं बजावून तिला घरी पाठवलं. हे मला दिरानं सांगितलं. तिनं नाही.

ती आली ती थेट दावणीला. गाठोडं खाली ठेवून तिनं बैलाच्या गळ्याखाली हात घातला.

"कावून रे, दावं कोणी बदललं तुझं? आन् बरगड्या दिसाया लागल्या. उपाशी ठिवलं का तुला?"

दावं तुटलं होतं म्हणून मी माझं नवं बांधलं होतं. मी म्हशीकडे वळले.

"सांग तिला, त्याला मी भरपूर घातलं. आणि पुढच्या वर्षी दाखवायला जायच्या दिवशी लाथ मारणारा बैल तिनं बरोबर न्यावा."

जाऊ काहीतरी पुटपुटली. मला ऐकू आलं नाही. बैलाला सांगितलं असावं.