अध्यक्षकाकांची आकडी

शटर ओढायची लोखंडी आकडी हातात नसलेले अध्यक्षकाका बाभुळगावात कोणी पाहिले नसतील. दुकान उघडून झालं की बाकीचे दुकानदार आपली आकडी कोपऱ्यात उभी करतात. काका ती घेऊन चहाला जात, बँकेत जात, लग्नाच्या पंगतीत बसले तरी ती ताटाशेजारी आडवी ठेवत. काकू म्हणायच्या, "माह्यापेक्षा तिच्यासंगच जास्त फिरते हा माणूस." बियाणं आणि फवारणीची औषधं विकणाऱ्या आम्हा दुकानदारांच्या संघटनेचे ते अध्यक्ष. त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण ते वाचायची वेळ कोणावर आली नाही.

संघटनेला तेव्हा दोनच कामं येत. कोणी वारलं किंवा कुठल्या साहेबाचा राग आला की दुकानं बंद ठेवायची, आणि वर्षातून एकदा कंपनीच्या खर्चानं यवतमाळच्या हॉटेलात जेवायचं. वडिलांना अर्धांगवायू झाला आणि त्यांच्या गल्ल्यावर मी बसले. माझ्या पहिल्याच बैठकीत सगळी चर्चा पनीरच्या भाजीवर झाली. काका आकडी टेबलावर आपटून ओरडले, "शटर खाली ओढायले अक्कल लागत नाही बे! वर लोटाले लागते." सगळे हसले. काकांना मान होता, पण त्यांचं ऐकायचं असतं असं कोणाला वाटत नसे. मलाही म्हातारा जरा अतीच बोलतो असं वाटलं.

वर्षं कापसाची वाईट होती. अळी औषधाला दाद देत नव्हती, भावाचा भरवसा नव्हता, आणि दर हंगामात नव्या नावाची, नव्या चित्राची थैली बाजारात येई. अशाच एका वर्षी माझ्या दुकानातून गेलेलं एक बियाणं उगवलंच नाही. थैली सीलबंद, बिल पक्कं, आणि कंपनीचा माणूस काही फोन उचलेना. शेतात पेरलेल्या ओळीच्या ओळी रिकाम्या राहिल्या.

बाजाराच्या दिवशी दुपारी माणसं आली. आधी चार-पाच, मग रस्ता भरेल इतकी. सगळ्यात पुढे मारोतीभाऊ होते, वडिलांचं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या हातात तीच थैली होती, रिकामी. समोरच्या धनराज राठोडनं खाडकन आपलं शटर खाली ओढलं. मग त्याच्या शेजारचं पडलं, मग पुढचं. साऱ्या ओळीची शटरं पडल्याचा तो आवाज मी अजून विसरले नाही. मागच्या खोलीत वडील खाटेवर होते. त्यांना उचलून बाहेर न्यायचं म्हटलं तरी वाट याच गर्दीतून होती.

तेवढ्यात गर्दीतून आकडी वर आलेली दिसली. तिच्यामागे काका आले, धापा टाकत.

"काका, शटर ओढा हो," मी अक्षरशः हात जोडले.

"नाही ओढत. बंद शटरवर गोटे पडते पोरी. उघड्या दुकानात माणूस बोलते." मी कसंबसं अर्ध्यावर ओढलेलं शटर त्यांनी आकडी लावून पार वर लोटलं आणि पायरीवर बसले.

"मारोती, बियाणं उगवलं नाही ना? मंग मले विचार. मी अध्यक्ष."

"तुमाले काय विचाराचं? पेरणीचे दिवस जाऊन राह्यले," मारोतीभाऊंचा आवाज फुटला. "पोरीनं फसवलं का कंपनीनं, मले काय करा लागते? माह्यं वावर खाली हाये."

"म्हणून बियाणंच देतो. दुबार पेरणी आमच्या संघटनेच्या बियाण्यानं. आताच."

"कायले विश्वास ठिवा?"

"ठिवू नोको. चाल संग."

काका उठले आणि गर्दी घेऊनच आपल्या दुकानावर गेले. शटर वर केलं, थैल्या काढून ओट्यावर रचल्या. मग रस्त्यानं परत येत एकेका बंद शटरवर आकडी बडवत सुटले, "उघडा बे! आत बसून काय करून राह्यले?" बराच वेळ काही झालं नाही. मग धनराजचं शटर हातभर वर सरकलं, आणि खालून एक थैली बाहेर आली.

संध्याकाळच्या बैठकीत तोच धनराज उसळला. "संघटना आपली हाये का कास्तकारायची?"

"त्यायच्या कामाची राह्यली तं आपली राहीन. नाही तं पनीर खा अन् घरी जा," काका म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्यात संघटनेच्या खोलीत ओली गोणपाटं आली. विकायला येणाऱ्या दरेक लॉटचे दाणे त्यांत गुंडाळून ठेवायचे, उगवले तरच माल दुकानात लावायचा, असा काकांचा हुकूम. हे सरकारचं काम, कंपन्या माल देणार नाहीत, म्हातारा चळला, असं सगळं बोलून झालं. काका सकाळ-संध्याकाळ लोट्यानं पाणी शिंपडत बसत.

एक गोणपाट उघडलं तर आत दाणे कुजलेले. कंपनी मोठी होती, तो लॉट विकणाऱ्याला काश्मीरची सहल होती, आणि सगळ्यात जास्त माल धनराजनं मागवला होता.

"काका, बायकोनं स्वेटरं घेऊन ठेवले," धनराज म्हणाला. हसण्यासारखं होतं, पण हसलं कोणी नाही.

काकांनी आकडी मांडीवर आडवी घेतली. मग हळूच म्हणाले, "धनराज, त्या दिवशी पह्यलं शटर कोणं पाडलं, हे मी तुले कधी विचारलं काय?"

धनराजनं माल परत पाठवला. संघटना टिकली ती त्या दिवशी, असं माझं मत आहे. मारोतीभाऊ नंतर माझ्याच दुकानात येत राहिले. थैली हातात घेतली की आधी विचारत, "गोणपाटातून निंगाली काय?"

काका गेले ते ऐन पेरणीत, पहाटे, झोपेतच. सभासद वारला की दुकानं बंद, हा आमचा सगळ्यात जुना नियम. धनराज रडून सुजलेल्या डोळ्यांनी माझ्या पायरीशी उभा राहिला. "काय करू ताई? ओढू?" त्याच्यामागे बियाण्यासाठी लांबून आलेली माणसं चपला हातात घेऊन, अवघडून उभी होती. मी नकारार्थी मान हलवली. त्या दिवशी आमच्यापैकी कोणीच शटर ओढलं नाही. दुकानात एकेक माणूस ठेवून बाकीचे काकांकडे गेलो. काळ सोकावला, अध्यक्षासाठीसुद्धा दुकान बंद ठेवत नाहीत, असं गावात लोक बोलले. बोलणारच.

काकांचं घर त्यांच्या दुकानाच्या मागेच. उचलायची वेळ झाली तशा काकू उंबऱ्यातून उठल्या. "दुकानं उघडी हायेत ना रे?"

"हो काकू. सारीच," धनराज म्हणाला.

"अन् आपलं?"

कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. काकूंनी कमरेची किल्ली काढून धनराजच्या हातात दिली, काकांच्या उशाची आकडी दिली. तो धावत पुढच्या अंगाला गेला. आम्ही सगळे तसेच थांबलो. शटर वर गेल्याचा आवाज आला.

"हं," काकू म्हणाल्या. "आता न्या त्यायले."